डीएपीची वाट पाहावी की घास पेरावा? द्विदल चाऱ्याची तारीख आणि खताचा हिशेब

नोव्हेंबर सुरू झाला की दूध पट्ट्यातून एकच प्रश्न वारंवार येतो. लसूणघासाचे बी आणून ठेवले आहे, रान तयार आहे, पण डीएपी मिळत नाही. मग थांबायचे की पेरायचे? गेल्या वर्षीच्या रब्बीत हा प्रश्न देशभर होता. यंदा त्यात पावसाची भर पडली आहे. सप्टेंबरमधील अतिवृष्टीने आणि ऑक्टोबर अखेरपर्यंत रेंगाळलेल्या पावसाने अनेक ठिकाणी वाफसाच वेळेवर आला नाही. आधीच पंधरा-वीस दिवस गेलेले असताना आता खतासाठी आणखी दोन-तीन आठवडे थांबण्याचा विचार बरेच पशुपालक करत आहेत.

उत्तर आधी सांगतो, कारणे नंतर पाहू. डीएपीसाठी घासाची पेरणी थांबवू नका. वाफसा आला की पेरा, आणि स्फुरद दुसऱ्या खतातून द्या. द्विदल चारा पिकात खताचा पर्याय मिळतो, गेलेल्या थंडीच्या दिवसांचा मिळत नाही.

यंदाची परिस्थिती

दोन हंगामांत आपण दोन टोके पाहिली. २०२३ मध्ये पावसाने ओढ दिली आणि ऑक्टोबर अखेरीस राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. पुढे एक हजाराहून अधिक महसूल मंडळांची त्यात भर पडली. २०२५ मध्ये मॉन्सून मे महिन्यातच राज्यात आला, आणि सप्टेंबरमध्ये मराठवाडा, सोलापूर व अहिल्यानगर भागात पुराने पिके, माती आणि जनावरे वाहून नेली. सीना काठच्या गावांत गंजी लावलेला कडबाही भिजून काळा पडला. कोरड्या वर्षी चारा उगवला नाही, ओल्या वर्षी उगवलेला सडला. दोन्ही वेळा गोठ्यातील माणसाला पेंड आणि पशुखाद्य विकत घेऊनच दिवस काढावे लागले.

दुसरी बाजू दुधाच्या दराची. २०२४ मध्ये राज्य सरकारने गायीच्या दुधाला आधी लिटरमागे ५ रुपये आणि पुढे ७ रुपये अनुदान दिले. ते देण्याची वेळ आली, कारण मिळणारा दर आणि येणारा खर्च यांचा मेळ बसत नव्हता. दुधाच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा आहाराचा असतो, आणि आहारात सर्वांत महाग घटक प्रथिनांचा. दुधाचा दर आपल्या हातात नाही, पण प्रथिने विकत घ्यायची की शेतात पिकवायची, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

देशात हिरव्या चाऱ्याची तूट सुमारे ११ टक्के आणि वाळलेल्या चाऱ्याची सुमारे २३ टक्के असल्याचा अंदाज सर्वत्र सांगितला जातो. लागवडीखालील क्षेत्रापैकी जेमतेम ४ टक्के क्षेत्र चाऱ्याखाली आहे. त्यातही मका, ज्वारी आणि नेपियर गवतच जास्त. द्विदल चारा बांधाकडेच्या दोन-चार गुंठ्यांत, उरलेल्या जागेत आणि उरलेल्या वेळेत पेरला जातो. खरी अडचण इथे आहे.

एका कापणीची किंमत

लसूणघासात कोरड्या वजनाच्या साधारण २० टक्के प्रथिने असतात. हिरव्या घासात कोरडा भाग साधारण २० टक्के धरला, तर एक टन हिरव्या घासात २०० किलो कोरडा चारा आणि त्यात ४० किलो प्रथिने मिळतात. चांगल्या घासाची एक कापणी एकरी ३ ते ४ टन निघते. साडेतीन टन धरली तर १४० किलो प्रथिने झाली. वीस टक्के प्रथिने असलेले पशुखाद्य घेतले, तर एवढ्या प्रथिनांसाठी ७०० किलो, म्हणजे ५० किलोच्या १४ गोण्या लागतील. दहा गुंठे घास असेल तर एका कापणीमागे साडेतीन गोण्या.

हा हिशेब फक्त प्रथिनांचा आहे. ऊर्जा आणि खनिजे धरली तर घास पशुखाद्याची पूर्ण जागा घेत नाही. शिवाय घास मनसोक्त खाऊ घालता येत नाही, पोटफुगीचा धोका असतो. दुभत्या गायीला रोज ८ ते १० किलो घास, थोडा सुकवून, कुट्टी केलेल्या कडब्यात किंवा मक्यात मिसळून द्यावा, आणि सवय हळूहळू लावावी. या प्रमाणात दहा गुंठे चांगला घास वर्षभर तीन गायींना पुरतो. एवढे लक्षात ठेवले, तर एक कापणी बुडणे म्हणजे नेमके काय बुडते हे स्पष्ट होते.

तारीख : एका महिन्याला एक कापणी

लसूणघासाची शिफारस केलेली वेळ ऑक्टोबर ते नोव्हेंबर आहे. यामागे तीन कारणे आहेत. पहिले म्हणजे या काळात जमिनीत ऊब असते, उगवण एकसारखी होते. दुसरे म्हणजे पुढे येणाऱ्या थंडीत रोप वर संथ वाढत असले तरी खाली मूळ खोल नेते आणि जमिनीलगतचा फुटव्यांचा गड्डा भरतो. पुढची दोन-तीन वर्षे घास ज्या जोरावर फुटतो, तो गड्डा याच दिवसांत तयार होतो. तिसरे कारण तणांचे. पावसाळी तणांचा जोर ओसरलेला असतो, त्यामुळे नाजूक रोपाला मोकळी जागा मिळते.

आता कॅलेंडर घेऊन बसू. पहिली कापणी पेरणीनंतर ५० ते ५५ दिवसांनी आणि पुढच्या दर २५ ते ३० दिवसांनी येतात. १५ ऑक्टोबरला पेरलेला घास ९ डिसेंबरच्या सुमारास पहिल्यांदा कापला जातो. नंतर जानेवारीच्या पहिल्या आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. फेब्रुवारी संपेपर्यंत तीन कापण्या हाती येतात आणि चौथी मार्चच्या सुरुवातीला उभी असते. १५ नोव्हेंबरला पेरला तर पहिली कापणी १२ जानेवारीच्या आसपास, दुसरी ९ फेब्रुवारीला, म्हणजे दोन. १५ डिसेंबरला पेरला तर थंडीमुळे उगवण आणि वाढ मंदावते, पहिल्या कापणीला ६० ते ६५ दिवस लागतात आणि फेब्रुवारीअखेर हातात एकच कापणी असते.

साधा नियम असा की पहिल्या हिवाळ्यात पेरणी एक महिना लांबली, तर एक कापणी जाते. शिवाय डिसेंबरात पेरलेल्या घासाचे मूळ उन्हाळ्याला सामोरे जाताना उथळ असते. एप्रिल-मेमध्ये पाण्याची पाळी चार दिवस लांबली तरी तो मान टाकतो, आणि विरळ झालेल्या जागी हरळी व लव्हाळा शिरतात. त्यामुळे नुकसान एका कापणीवर थांबत नाही.

बरसीमच्या बाबतीत तारीख आणखी काटेकोर पाळावी लागते. ते एका हंगामाचे पीक आहे. पहिली कापणी ४५ ते ५० दिवसांनी मिळते आणि उन्हाची तिरीप वाढली की पीक संपते. उत्तर भारतात थंडी लांब चालते, म्हणून तिथे बरसीम हे चाऱ्याचे मुख्य पीक झाले. आपल्याकडे थंडीचे दिवस मोजके. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरचा मध्य ही वेळ गेली की बरसीमचा नाद सोडावा. घास पुढच्या वर्षी उशिराची थोडी भरपाई करतो, बरसीमला पुढचे वर्षच नसते.

लवकर पेरणीही फायद्याची नाही. सप्टेंबरमध्ये पेरलेल्या घासावर परतीचा पाऊस पडला की रोपे कुजतात आणि तण वर येते. यंदा मे महिन्यातल्या पावसावर चारा चवळी पेरणाऱ्यांनाही असाच अनुभव आला असेल. पहिला पाऊस जोरदार झाला, पण जूनच्या पूर्वार्धात बऱ्याच भागांत त्याने विश्रांती घेतली. ज्यांच्याकडे संरक्षित पाणी होते त्यांची चवळी तरली. खरीप चवळीसाठी जून-जुलैचा नियमित पाऊस हाच भरवशाचा मुहूर्त आहे.

खत : द्विदलाला नत्र थोडे, स्फुरद भरपूर

द्विदल पिकाच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. मग थोडे तरी नत्र का द्यायचे? कारण गाठी तयार होऊन कामाला लागेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात आणि बारीक बियांत साठा फार नसतो. तेवढ्या दिवसांपुरते नत्र लागते. त्यापेक्षा जास्त दिले तर उलट परिणाम होतो. जमिनीत आयते नत्र मिळत असेल, तर रोप गाठी पोसण्यावर आपली साखर खर्च करत नाही. गाठी कमी होतात आणि पीक युरियाच्या गोणीवर अवलंबून राहते.

ही चूक मी स्वतः केली आहे. पदवी घेऊन घरी आलो त्या वर्षी आमच्या घासाला प्रत्येक कापणीनंतर युरिया दिला. पहिल्या दोन कापण्यांना रंग इतका गडद आला की शेजारचे बघायला आले. पण त्या युरियावर घासापेक्षा गवत जास्त माजले. दीड वर्षात वाफे निम्मे विरळ झाले आणि घास मोडावा लागला. पुस्तकात वाचलेले होते, तरी हिरव्या रंगाला भुललो.

स्फुरदाचे मात्र वेगळे आहे. नत्र स्थिर करण्याच्या कामाला जिवाणूंना खूप ऊर्जा लागते आणि वनस्पतीतील ऊर्जेची देवाणघेवाण स्फुरदावर चालते. मुळांची वाढ, गाठींची संख्या आणि कापणीनंतरचा नवा फुटवा, सगळे त्याच्याशी जोडलेले आहे. म्हणूनच लसूणघासासाठी हेक्टरी २० किलो नत्र, ८० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी मात्रा सांगितली जाते. एकरात सांगायचे तर ८ किलो नत्र, ३२ किलो स्फुरद आणि १६ किलो पालाश. सोबत पेरणीपूर्वी एकरी ४ ते ५ टन चांगले कुजलेले शेणखत.

आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद लवकर स्थिर होते आणि जागचे हलत नाही. कापणीनंतर वरून फेकलेले स्फुरद मुळापर्यंत जायला वेळ लागतो. म्हणून पहिली मात्रा पेरणीच्या वेळीच, बियाच्या खाली चार-पाच सेंटिमीटरवर पेरून द्यावी. स्फुरदासाठी पेरणी थांबवण्याचा मोह होतो तो याच कारणाने, आणि ते कारण खरे आहे. चूक इतकीच की आपण स्फुरद म्हणजे डीएपी असे समीकरण करून बसलो आहोत.

डीएपी नसेल तर काय?

एकरी ३२ किलो स्फुरद कोणकोणत्या खतातून मिळते ते पाहू.

डीएपी (१८:४६) : सुमारे ७० किलो लागते. त्यातून साडेबारा किलो नत्र मिळते, म्हणजे गरजेपेक्षा थोडे जास्त. गंधक मिळत नाही.

सिंगल सुपर फॉस्फेट (१६ टक्के स्फुरद) : २०० किलो, म्हणजे ४ गोण्या. त्यासोबत १७ किलो युरिया. या चार गोण्यांतून २२ किलोच्या आसपास गंधक आणि भरपूर कॅल्शियमही मिळते.

१२:३२:१६ : बरोबर २ गोण्या. नत्र १२, स्फुरद ३२, पालाश १६. पालाश वेगळे द्यावे लागत नाही.

ट्रिपल सुपर फॉस्फेट (४६ टक्के स्फुरद) : ७० किलो आणि १७ किलो युरिया. मिळाले तर द्विदल पिकांसाठी सोयीचे, कारण त्यात नत्र नसते.

२०:२०:०:१३ : हे मात्र घासाला नको. ३२ किलो स्फुरदासाठी १६० किलो टाकावे लागेल आणि त्याबरोबर ३२ किलो नत्र जाईल, म्हणजे गरजेच्या चौपट.

डीएपी, सुपर फॉस्फेट आणि ट्रिपल सुपर फॉस्फेटबरोबर पालाशासाठी एकरी २७ किलो म्युरेट ऑफ पोटॅश घ्यावे.

आता पैशाचे पाहू. डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० रुपयांना. ७० किलोचे १,८९० रुपये होतात. सुपर फॉस्फेट वापरले तर १७ किलो युरियाचे सुमारे १०० रुपये धरा. उरलेल्या १,७९० रुपयांत चार गोण्या बसवायच्या, म्हणजे गोणी ४४५ ते ४५० रुपयांच्या आत मिळाली तर सुपर फॉस्फेट स्वस्त, त्यापेक्षा महाग असेल तर डीएपी स्वस्त. तुमच्या दुकानातला आजचा भाव टाकून हा हिशेब दोन मिनिटांत करता येईल. भाव थोडा वर असला तरी २२ किलो गंधक सोबत येते हे विसरू नका. प्रथिने तयार होताना नत्राबरोबर गंधक लागतेच. ज्या पिकातून आपण प्रथिनेच काढून नेणार आहोत, त्याला गंधकाची उणीव लवकर भासते. चार गोण्या वाहून आणण्याचा आणि पेरण्याचा त्रास आहे, तो मान्य करूनही दहा-वीस गुंठ्यांच्या घासाला तो फार मोठा नाही.

डीएपी मिळत असेल आणि वेळेवर असेल तर जरूर वापरा, त्यात वाईट काही नाही. पण त्यासाठी कोणी नको असलेली विद्राव्य खते किंवा टॉनिकच्या बाटल्या गळ्यात मारत असेल, तर त्या पैशाची भर डीएपीच्या भावात धरूनच तुलना करा. खत कोणतेही असो, परवानाधारक दुकानातून आणि पावती घेऊनच घ्या. सुपर फॉस्फेटमध्ये दर्जाची तक्रार होऊ शकते, तेव्हा पावतीच कामाला येते.

बिनखर्चाची गोणी

खताच्या रांगेत दोन दिवस घालवणारे आपण जिवाणू संवर्धनाचे पाकीट मात्र विसरतो. १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम रायझोबियम आणि २५० ग्रॅम स्फुरद विरघळवणारे जिवाणू, गुळाच्या थंड पाण्यात कालवून चोळावे, बी सावलीत सुकवून लगेच पेरावे. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. चोळलेले बी सुपर फॉस्फेटमध्ये मिसळून पेरू नका, त्यातील आम्लामुळे जिवाणू मरतात.

इथे एक बारकावा आहे. रायझोबियमचे प्रकार पिकानुसार वेगळे असतात. हरभऱ्याचे पाकीट घासाला चालत नाही, घासाचे बरसीमला चालत नाही. चवळीला गाठी करणारे जिवाणू आपल्या बहुतेक जमिनीत असतात, त्यामुळे चवळी सहसा अडत नाही. पण ज्या शेतात कधीच घास किंवा बरसीम नव्हते, तिथे संवर्धनाशिवाय पेरणी करणे म्हणजे द्विदल पिकाला एकदलासारखे युरियावर जगवणे. पाकीट घेताना पिकाचे नाव आणि वापराची अंतिम तारीख वाचा.

पेरणीनंतर ३५ ते ४० दिवसांनी चार-पाच रोपे मातीसकट अलगद उपटा, मुळे पाण्यात धुवा आणि एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर रंग असेल तर काम चालू आहे, युरियाची गरज नाही. गाठी नसतील किंवा आतून पांढऱ्या-हिरवट असतील आणि पीक पिवळे असेल, तर थोडे नत्र देऊन पीक सावरा आणि पुढच्या पेरणीला संवर्धन चुकवू नका.

दुसऱ्या वर्षी घास का विरळ होतो?

आरएल-८८ सारखे बहुवार्षिक वाण तीन वर्षांपर्यंत उत्पादन देऊ शकते. तरी बऱ्याच शेतांत दीड-दोन वर्षांतच घास मोडतो. याचे एक कारण खाली दिलेल्या बेरजेत आहे.

एक टन कोरडा घास जमिनीतून साधारण ६ ते ७ किलो स्फुरद आणि २५ ते ३० किलो पालाश उचलतो. वर्षात एकरी ४० टन हिरवा घास निघाला, तर कोरडा ८ टन झाला. म्हणजे स्फुरद ५० किलोच्या आसपास आणि पालाश २०० किलोपेक्षा जास्त शेताबाहेर गेले. आपण पेरताना दिले ३२ आणि १६. काळ्या जमिनीत पालाशाचा साठा मोठा असतो, म्हणून पहिल्या वर्षी काही जाणवत नाही. पण दर महिन्याला कापून नेत राहिलो तर हलक्या आणि मध्यम जमिनीत दुसऱ्या वर्षी फुटवे बारीक पडू लागतात.

उपाय दोन आहेत. दर वर्षी पावसाळा संपल्यावर, कापणी करून, स्फुरदाची मात्रा पुन्हा द्यावी, आणि माती परीक्षणात कमी दिसल्यास पालाशही वाढवावे. दुसरा उपाय गोठ्यात आहे. घासातून गेलेले पालाश मोठ्या प्रमाणात जनावराच्या मूत्रात परत येते. गोठ्याचे पाणी गटारात सोडण्याऐवजी खड्ड्यात साठवून पातळ करून घासाच्या वाफ्यांत सोडले, तर बाजारातून आणायच्या पालाशाचा मोठा भाग तिथेच वाचतो. मूत्रात नत्रही असते, म्हणून एकाच वाफ्यात रोज सोडू नका, वाफे बदलत राहा.

पूर गेलेल्या शेतात

घासाला पाणी साचलेले अजिबात चालत नाही. ज्या वाफ्यांत तीन-चार दिवस पाणी उभे राहिले, तिथली मुळे उकरून पाहा. मूळ आतून तपकिरी आणि मऊ असेल तर तो घास फुटणार नाही, मोडून टाका. मुळे पांढरी, टणक असतील तर वरचा गाळ हलका करून एक कापणी सोडून द्या, घास सावरेल.

नवीन पेरणी करायची असेल तर त्याच जागेचा हट्ट धरू नका. निचरा होणारा तुकडा निवडा, भारी जमिनीत रुंद सरी-वरंब्यावर पेरा. गाळाचा थर बसलेल्या शेतात जुन्या माती परीक्षण अहवालाचा उपयोग नाही, माती नव्याने तपासून घ्या. अशा शेतात नत्र वाहून गेलेले असते आणि जिवाणूंची संख्याही घटलेली असू शकते. म्हणून इथे सुरुवातीचे ८ किलो नत्र आणि जिवाणू संवर्धन, दोन्ही चुकवू नये.

वाफसा नोव्हेंबर अखेरपर्यंत आलाच नाही तर? मग यंदा घास टाळलेला बरा. त्या रानात चाऱ्याचा ओट करा, तो डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत पेरता येतो. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात ते रान मोकळे करून चारा चवळी, आणि लसूणघास पुढच्या ऑक्टोबरात. ओटाला नत्र लागते, द्विदल नसल्याने प्रथिने घासापेक्षा कमी मिळतात, पण गोठा रिकामा राहत नाही.

चारा चवळीसाठी श्वेता, ईसी-४२१६, बुंदेल लोबिया यांसारखी वाणे आहेत. एकरी १६ किलो बी, आणि खत ८ किलो नत्र, १६ किलो स्फुरद, ८ किलो पालाश. म्हणजे सुपर फॉस्फेटच्या २ गोण्या, १७ किलो युरिया आणि १३ किलो पोटॅश. पन्नास टक्के फुले आल्यावर, ५५ ते ६५ दिवसांनी कापावी. मक्याच्या दोन ओळींनंतर चवळीची एक ओळ घेतली तर दोन्ही पिके जवळपास एकाच वेळी कापणीला येतात आणि कुट्टीत प्रथिनांची भर पडते. फक्त मक्यासाठी द्यायचे युरियाचे हप्ते मक्याच्या ओळीलाच द्या. सगळीकडे फेकला तर मका चवळीला झाकून टाकतो आणि मिश्र पिकाचा हेतूच जातो.

अनुदान कुठे जाते?

रब्बी २०२५-२६ साठी केंद्र सरकारने स्फुरद व पालाशयुक्त खतांना सुमारे ३७,९५२ कोटी रुपयांचे अनुदान मंजूर केले आहे. स्फुरदासाठी किलोला ४७.९६ रुपये धरले, तर डीएपीच्या एका गोणीमागे जवळपास दीड हजार रुपये अनुदान जाते, म्हणजे शेतकरी जेवढे देतो त्याहून जास्त. चीनने निर्यात आवळल्यानंतर सौदी अरेबियाच्या कंपनीशी वर्षाला ३१ लाख टन डीएपीचा पाच वर्षांचा करार झाला आहे. पुरवठा त्यामुळे सावरेल अशी आशा ठेवायला जागा आहे. पण परदेशातून येणाऱ्या जहाजाची तारीख आणि आपल्या घासाच्या पेरणीची तारीख जुळेलच, याची खात्री कोणताही करार देत नाही.

चाऱ्याच्या धोरणातही असेच होते. २०१९ च्या दुष्काळात छावण्या उघडल्या, २०२४ मध्ये दुधाला अनुदान दिले. त्या त्या वेळी ते गरजेचे होते. पण दोन्ही उपाय चारा संपल्यानंतरचे आहेत. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याच्या ठिकाणी घासाचे प्रमाणित बी, योग्य जिवाणू संवर्धन आणि स्फुरदाचे एखादे तरी खत एकत्र मिळाले, तर त्याचा खर्च छावणीच्या मानाने किरकोळ असेल. राष्ट्रीय पशुधन अभियानात चारा बियाणे उत्पादनाला साहाय्य आहे. दूध संघ आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी ते घासाच्या बियाण्यासाठी वापरायला हवे. घासाचे बी बाजारात बऱ्याचदा अमरवेलीच्या बियांसह येते, आणि एकदा अमरवेल शिरली की तो भाग फुलोऱ्यापूर्वी कापून जाळण्यावाचून इलाज राहत नाही.

या आठवड्यात करायची कामे

- रान वाफशावर असेल तर पेरणीची तारीख आजच ठरवा. लसूणघास नोव्हेंबर अखेरपर्यंत, बरसीम नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत.
- एकरी १० किलो प्रमाणित बी. ३० सेंटिमीटर अंतरावर ओळीत, एक ते दोन सेंटिमीटरपेक्षा खोल नाही. पहिले पाणी हलके.
- डीएपी नसेल तर ४ गोण्या सुपर फॉस्फेट, १७ किलो युरिया आणि २७ किलो पोटॅश. किंवा १२:३२:१६ च्या २ गोण्या.
- पिकाचे नाव वाचून रायझोबियमचे पाकीट घ्या.
- ३५ ते ४० दिवसांनी गाठी फोडून पाहा, मगच युरियाचा विचार करा.
- पहिली कापणी ५० ते ५५ दिवसांनी, जमिनीपासून ५ ते ८ सेंटिमीटर ठेवून. गड्ड्याला विळा लागू देऊ नका.

बी घरात आहे आणि वाफसा शेतात आहे, तर उरलेल्या गोष्टींना पर्याय आहेत. दुकानदाराने सांगितलेल्या पुढच्या सोमवारची वाट पाहत हे दोन आठवडे घालवले, तर जानेवारीत पशुखाद्याच्या गोण्या विकत आणूनच ते भरून काढावे लागतील.